शब्द सापडतो म्हणजे काय?

लोणंद स्टेशनच्या पाटीवर गावाचे नाव इंग्रजीत सहा अक्षरांनी लिहिलेले आहे: एल, ओ, एन, ए, एन, डी. माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजीला येणाऱ्या मुलांना एकदा मी हीच अक्षरे दिली आणि म्हटले, यातून निघतील तेवढे शब्द काढा. अट नेहमीची. जे अक्षर जितक्या वेळा दिले तितक्याच वेळा वापरायचे, बाहेरचे अक्षर घ्यायचे नाही. ऑन, नो, अँड, ओल्ड हे आधी निघाले. मग कुणाला लँड सापडला, कुणाला लोड. सातवीतल्या एका मुलीला लोन सापडला. तिच्या घरचा कांदा इथल्याच बाजार समितीत येतो आणि घरावर सोसायटीचे कर्ज आहे. तिने वही पुढे केली आणि विचारले, "बाई, गावाच्या नावातच लँड आहे आणि लोनपण आहे. म्हणून आमच्या जमिनीवर लोन आहे का?"

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले. व्याकरणाच्या शंका पुष्कळ ऐकल्या, पण ही शंका व्याकरणाची नव्हती. अर्थ अक्षरांत आधीपासून असतो का? की शोधणारा तो त्यांत घालतो? की तिसऱ्याच कुणीतरी तो ठेवून दिलेला असतो? आपल्याकडे मीमांसक, नैयायिक आणि वैयाकरण यांनी यावर शतकानुशतके वाद घातला आहे. आणि हा वाद पंडितांपुरता नाही. माळ ओढणाऱ्या, हरिपाठ म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्याचे उत्तर आपल्यापुरते द्यावेच लागते, कारण देवाचे नाम म्हटले तरी ती अक्षरेच.

त्या मुलीला मी आधी सरळ उत्तर दिले. त्याच सहा अक्षरांतून लॅड निघतो, नॉड निघतो, नोडलही निघतो. त्यांच्याबद्दल तिने काही विचारले नाही. जिथे दुखत होते तिथेच तिचे बोट गेले. आता गावाचे नाव मराठीत लिहून बघ, म्हटले. लो, णं, द. या तिघांच्या सहा मांडण्या होतात आणि गावाचे नाव सोडले तर एकीतूनही शब्द तयार होत नाही. गाव तेच, माती तीच. लिपी बदलली आणि लोन गेले, त्याबरोबर लँडही गेली. नावात नशीब लिहिलेले असते तर ते लिपी बदलल्याने पुसले गेले नसते. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवून भाग्य बदलू पाहणाऱ्यांनी एवढी एक परीक्षा करून पाहावी.

कर्जाचे कारण दुसरीकडे आहे आणि ते शोधता येते. 12 मे 1875 रोजी सुपे या गावी, आजच्या बारामती तालुक्यात, बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जाचे कागद ताब्यात घेऊन जाळले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढलेला भाव 1865 नंतर उतरला होता, सारा वाढला होता आणि सावकारांनी हात आखडता घेतला होता. पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्या कागदांवर ज्यांचे अंगठे होते त्यांतल्या बहुतेकांना त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते. तरी त्या अक्षरांवर त्यांच्या जमिनी जात होत्या. ती ताकद शाईची नव्हती. कागदामागे कोर्ट होते, कोर्टामागे कायदा होता, आणि हे सगळे मानणारी माणसे होती. म्हणून तिला म्हटले, कारण शोधायचे तर भावात शोध, पावसात शोध, व्याजात शोध. पाटीवर शोधू नकोस.

एवढ्याने तिचा प्रश्न सुटला. माझा सुटला नाही. कारण अक्षरांत दडलेले शब्द बघून चकित होणारी ती एकटी नाही. जिनिव्हाचे फर्दिनां द सोस्यूर हे आधुनिक भाषाविज्ञानाचे मोठे नाव. डॉक्टरेटचा प्रबंध त्यांनी संस्कृत षष्ठीच्या एका प्रयोगावर लिहिला होता. 1906 ते 1909 या काळात ते जुन्या लॅटिन कवितांमध्ये देवांची आणि वीरांची नावे विखरून पेरलेली आहेत का, हे शोधत होते. ओळीमागून ओळ तपासून त्यांनी वह्याच्या वह्या भरल्या. वैदिक सूक्तांतही त्यांनी हे शोधले. नावे सापडत गेली, इतकी सापडली की त्यांनाच शंका आली: हे कवींनी मुद्दाम केले, की मोजकीच अक्षरे पुन्हापुन्हा येणाऱ्या कुठल्याही मजकुरात हवे ते नाव सापडणारच? 1909 मध्ये त्यांनी लॅटिनमध्ये कविता करणारे इटालियन कवी जोव्हान्नी पास्कोली यांना पत्र लिहून विचारले. समाधान झाले नाही. शोध तिथेच थांबला आणि त्या वह्या त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाला आणि सातवीतल्या मुलीला एकाच जागी अडायला झाले, याचे मला नवल वाटत नाही. ती जागाच अवघड आहे.

आपल्या परंपरेने ही जागा फार बारकाईने तपासली आहे. गौः या शब्दात शब्द म्हणायचे ते काय, असा प्रश्न मीमांसक शबरस्वामींनी केला आणि उपवर्षांचा हवाला देऊन उत्तर दिले: ग, औ आणि विसर्ग. अक्षरांपलीकडे शब्द म्हणून वेगळी वस्तू नाही. वैयाकरणांनी यावर आक्षेप घेतला. अक्षरे म्हणजेच शब्द असेल, तर नदी आणि दीन यांत फरक का? रस आणि सर यांत का? वर्ण तर तेच आहेत. शिवाय तोंडातून दुसरा वर्ण निघेपर्यंत पहिला विरून गेलेला असतो. शेवटचा ऐकू येतो तेव्हा आधीचे हजर नसतात. मग त्यांना एकत्र कोण आणतो? भर्तृहरींनी वाक्यपदीयात सांगितले की शब्द मुळात अखंड आहे. वर्ण एकेक करून त्याला प्रकट करतात आणि शेवटच्या वर्णासरशी तो पूर्ण उमटतो. कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात हे मानले नाही. वर्ण पुरेसे आहेत, पण ठरावीक क्रमाने, आणि आधीच्या वर्णांचा संस्कार मनात राहतो म्हणून. शब्दाचे अर्थाशी नाते कुणी जोडले, यावर दुसरा वाद. मीमांसक म्हणतात, ते नित्य आहे, कुणी जोडलेले नाही. नैयायिक म्हणतात, या पदातून हा अर्थ कळावा असा ईश्वराचा संकेत आहे. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे मांडताना पद आणि वाक्य यांनाही त्या यादीत धरले.

वर्गातल्या खेळात नैयायिकांची बाजू मुलांना आपोआप पटलेली असते. अक्षरे बाईंनी दिली आहेत, म्हणजे त्यांत शब्द असणारच, या भरवशावर मुले नेट धरतात. हाच भरवसा जगाच्या बाबतीत धरता येतो का, हा आस्तिक-नास्तिकांचा जुना प्रश्न. मी वारकरी घरातली आहे आणि माझा भरवसा आहे. पण तो मी अक्षरांच्या करामतीवर उभा करत नाही. का, ते आमच्याच परिसरातल्या दोन गोष्टींवरून सांगते.

माउलींची पालखी जेजुरीहून वाल्ह्याला येते, आणि वाल्ह्याहून नीरेला पादुकांचे स्नान होऊन सातारा जिल्ह्यात, आमच्या लोणंदला. वाल्हे हे वाल्मीकींचे गाव, त्यांची समाधी तिथेच, अशी श्रद्धा आहे. वाल्या कोळ्याची कथा महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. राम म्हणता येईना म्हणून मरा मरा म्हणायला सांगितले आणि त्याचा राम राम झाला. वाल्मीकींच्या स्वतःच्या रामायणात ही कथा नाही, अध्यात्मरामायणात आहे. कथा भोळी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. म, रा, म, रा असे न थांबता म्हणत राहिले, तर त्या आवाजात मरा आणि राम हे दोन्ही शब्द पहिल्या क्षणापासून आहेत. कुठलेही अक्षर बदलत नाही, कुठलेही जागचे हलत नाही. कुठून ऐकायला सुरुवात करायची, एवढाच फरक. म्हणजे कुमारिलांचा क्रमसुद्धा इथे पुरा पडत नाही. क्रम एकच आहे आणि शब्द दोन आहेत. मरा म्हणणाऱ्या तोंडात राम होता, पण तो आहे हे वाल्याला माहीत नव्हते. सांगणाऱ्याला माहीत होते.

दुसरी गोष्ट बारामतीची. पन्हाळ्यावर 1729 मध्ये जन्मलेले मोरोपंत पुढे बारामतीला राहिले आणि 1794 मध्ये तिथेच वारले. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली असे परंपरा सांगते. त्यांतले एक निरोष्ठ रामायण. ओठ मिटून उच्चारायची अक्षरे त्यात वर्ज्य: प, फ, ब, भ, म. आता म वर्ज्य म्हटल्यावर राम हे नावच घेता येत नाही. रामाची कथा सांगायची आणि रामाचे नाव एकदाही उच्चारायचे नाही. कुणी याला केवळ कसरत म्हणेल. मी तसे म्हणत नाही. वाल्याकडे अक्षरे होती, अर्थ नव्हता. मोरोपंतांकडे अर्थ होता, अक्षरे त्यांनी जाणूनबुजून सोडली. दोघेही रामापर्यंत पोहोचले. पाथरीच्या दैवज्ञ सूर्यकवींनी सोळाव्या शतकात रामकृष्णविलोमकाव्य रचले, ते सुलट वाचले तर रामाची कथा आणि उलट वाचले तर कृष्णाची. या सगळ्यांतून मला एकच गोष्ट दिसते. अक्षरे वाट दाखवतात, अडवतही नाहीत आणि पोहोचवतही नाहीत. पोहोचवणारे आणखी काही तरी आहे.

ते काय, हे मला वर्गात दिसले. आमचा खेळ साधा आहे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे चौकोन कापून त्यांवर स्केचपेनने कॅपिटल अक्षरे काढलेली आहेत आणि ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात. एम उलटा धरला की डब्ल्यू होतो म्हणून त्याच्याखाली एक आडवी रेघ. एके दिवशी मी एस, टी, ओ, पी ही चार अक्षरे दिली. चार वेगळ्या अक्षरांच्या चोवीस मांडण्या होतात आणि त्यांतल्या सहा इंग्रजीत शब्द आहेत. स्टॉप रस्त्याच्या पाटीवरून सगळ्यांना ठाऊक. पोस्ट, स्पॉट, टॉप्स, पॉट्सही निघाले. सहावा निघेना. एका मुलाची वही मी हातात घेतली. तो हुशारीने एकेक मांडणी ओळीने लिहीत गेला होता आणि जी शब्द वाटली नाही तिच्यावर काट मारत गेला होता. त्या काट मारलेल्या ओळींत पी, टी, एस, ओ होते, टी, एस, पी, ओ होते, आणि त्यांच्या मध्येच ओ, पी, टी, एस होते. ऑप्ट्स. निवडतो. शब्द त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता, अक्षर न अक्षर बरोबर, क्रम बरोबर, आणि त्यावर इतरांसारखीच सरळ रेघ ओढली होती. मी तो वाचून दाखवला, अर्थ सांगितला, बहिणीच्या कॉलेजच्या फॉर्मवरचा ऑप्शन त्यातलाच, हे सांगितले. त्याने लगेच नवी ओळ घेऊन तो पुन्हा लिहिला. वहीत आधी जे होते तेच नंतर होते. फरक पडला तो त्याला कुणीतरी सांगितल्याने.

दहाव्या शतकातले काश्मीरचे उत्पलदेव प्रत्यभिज्ञा शिकवताना हेच सांगतात. एका स्त्रीने कुणाचे गुण ऐकूनच त्याच्यावर जीव जडवला आहे. तो तिच्यासमोर येऊन उभा राहतो, पण ती त्याला ओळखत नाही, चारचौघांसारखाच समजते. तो हाच, असे दूतीने सांगितल्यावर तिचे मन भरून येते. समोर असणे आणि ओळख पटणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात याहून पुढचे पाऊल टाकले. त्याच्या दहा प्रकरणांतले सहावे शब्दाबद्दलचे आहे. तिथे ते आधी शब्दाचे मनापासून कौतुक करतात, स्मरण करून देणारी उपयोगी वस्तू म्हणून. आणि मग तितक्याच ठामपणे सांगतात, आत्म्याला उजळण्याचा मान मात्र शब्दाला नाही, कारण जो स्वतःच उजेड आहे त्याला कोण दाखवणार? मला हे दोन्ही पटते. शब्द आठवण देतो, हे त्याचे काम. आठवण त्याचीच येते जे आधीपासून आपले असते.

मग नामाचे काय? अर्थ न कळता माळ ओढणे यांत्रिक आहे असे शिकलेली माणसे म्हणतात. नुसत्या अक्षरांतच सामर्थ्य आहे, अर्थ कशाला, असे काही भाविक म्हणतात. माझे म्हणणे असे: दोन्ही बाजूंनी संगत वगळली आहे. वाल्याला मरा म्हणायला सांगणारा कुणी होता आणि राम ओळखणारी परंपरा त्याच्या पाठीशी होती. तो एकटाच वाल्ह्याच्या डोंगरात मरा मरा म्हणत बसला असता, तर कुणी सांगावे, त्यानेही राम लिहून त्यावर काट मारली असती.

वारी मला याचमुळे धर्माचा सगळ्यात नेमका प्रकार वाटते. साताऱ्याच्या आरफळचे हैबतबाबा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीला क्रमांक. आठवड्याच्या कोणत्या वाराला कोणते अभंग, कशानंतर काय, हे ठरलेले. मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीला चोपदार चोप उंच करतात आणि सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग तिचे ऐकले जाते. वाटेत हरवलेल्या वस्तूंची माहितीही तिथेच पुकारली जाते. पहिल्यांदा वारीला आलेल्या बाईला अर्ध्या अभंगांचा अर्थ लागत नाही. तिने विचारले तर शेजारची सांगते, न विचारले तरी चालता चालता कधीतरी कळते. अक्षरे पाठ होतात, क्रम अंगात भिनतो आणि ओळख संगतीतून पटते. या तिन्ही गोष्टी लागतात, आणि तिसरी नसेल तर पहिल्या दोन वहीतल्या काट मारलेल्या ओळीसारख्या पडून राहतात.

आता मुलांच्या हातात फोन आहे. अक्षरे टाकली की त्यांतून होणारे सगळे शब्द क्षणात ओळीने येतात, एकही सुटत नाही. मी त्याला वाईट म्हणत नाही. मीसुद्धा अडले की बघते. पण त्या यादीतले सगळे शब्द असूनही मुलाला एकही सापडलेला नसतो. यादी त्याला ऑप्ट्स दाखवील आणि तो त्यावरून पुढे सरकेल, जसा काट मारून पुढे गेला होता. म्हणून आमच्या वर्गात एक नियम आहे. शब्द काढला की त्याचे वाक्य आपल्या घरातले करून सांगायचे, मगच तो मोजायचा. लोन काढणाऱ्या मुलीने वाक्य केले होते की आमचे लोन या गरव्या कांद्यावर फिटेल. तो शब्द तिचा झाला, तिला बांधणारा राहिला नाही.

ईश्वराचेही असेच असावे, असे मला वाटते. त्याच्या नावाची अक्षरे आपल्या हातून दिवसात कितीदा जुळत असतील: कुणाला पाणी देताना, कुणाचे ऐकून घेताना, नेमाने काही म्हणताना. क्रमही कधी कधी बरोबर असेल. त्यातला कोणता शब्द आहे आणि कोणती नुसती मांडणी, हे एकट्याला ठरवता येत नाही. म्हणून माझी विनंती एवढीच आहे. मुलांना शब्द शोधायला द्या, पण त्यांच्याजवळ बसा. आणि तुमच्या स्वतःच्या आयुष्यात जे काही निरर्थक वाटून तुम्ही त्यावर रेघ मारायला निघाला असाल, ते रेघ मारण्याआधी एकदा जाणत्या माणसाला दाखवा.